परिपाठातली रोझरी
शाळेच्या परिपाठाच्या वेळेत पूर्ण रोझरी (कॅथलिकांची मण्यांच्या माळेवर म्हणायची प्रार्थना) कशी बसवायची, असं विचारलं जातं. माझ्या मते बसवूच नये. पाच दशकांना (दशक म्हणजे दहा ‘नमो मारिया’ प्रार्थनांचा गट) वीसेक मिनिटं लागतात, घाई केली की मुलं शब्द गिळतात. रोज एकच दशक घ्या: एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मारिया, शेवटी पित्याला गौरव. चारेक मिनिटं पुरतात. रहस्य, म्हणजे दशक म्हणताना मनन करायचा येशू-मारियेच्या जीवनातला प्रसंग, वारानुसार निवडा. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, जी २००२ मध्ये जोडली गेली.

ताल बिघडतो तो मागच्या रांगांत. प्रार्थनेचा पूर्वार्ध पुढे उभा मुलगा म्हणतो आणि उत्तरार्ध बाकीचे, पण मागच्यांचा उत्तरार्ध संपायच्या आत तो पुढची प्रार्थना सुरू करतो. त्याला एक श्वास थांबायला शिकवा. मणी हातात असू द्या, बोटांवर मोजताना हमखास चुकतं. इतर धर्मांच्या मुलांना म्हणायला लावू नका, शांत उभं राहणं पुरे.