अमृतधारा पातळच होत नाही, खाली गाळ राहतो. कुठं चुकतंय?

जवसफूल (दारव्हा, यवतमाळ)
सर्दीसाठी अमृतधारा करायला पूजेचा कापूर, ओवाफूल (थायमॉल) आणि पुदिनाफूल (मेंथॉल) किराण्यातून आणलं. तिन्ही एक-एक चमचा मोजून स्टीलच्या डबीत टाकलं. दोन दिवसांत निम्मं पातळ झालं, खाली पांढरा गाळ तसाच आहे. गरम करून पाहू का? शिवाय खोकल्यासाठी सितोपलादी चूर्णाचं नेमकं प्रमाण हवं आहे. घरात दीड वर्षाचं लेकरू आहे, सासूबाईंना शुगर आहे. कोणाला काय चालेल तेही सांगा.

खलबत्ता (वर्धा)
ताई, गॅसवर अजिबात ठेवू नका. तिन्ही जिन्नस उडून जाणारे आहेत, आणि कापराची वाफ पेट घेते.

गाळ राहायची कारणं दोन. पहिलं म्हणजे चमच्याचं माप. पुदिनाफुलाच्या लांब सुया चमच्यात पोकळ बसतात, म्हणून ते कमी पडतं आणि कापूर जास्त होतो. जास्तीचा कापूर तळाशी राहतो. माप वजनानंच घ्या: तिन्ही 10-10 ग्रॅम. दुसरं कारण पूजेच्या वड्या. त्यांत बांधणीसाठी किंवा भेसळ म्हणून भलतंच काही असू शकतं. भीमसेनी कापूर घ्या आणि त्यातला चिमूटभर जुन्या पळीत जाळून बघा, मागे काही उरायला नको.

कोरड्या काचेच्या बाटलीत आधी कापूर आणि पुदिनाफूल टाकून हलवा, मग ओवाफूल. खलात घोटलं तर आणखी लवकर होतं. एकेकटं पाहिलं तर पुदिनाफूल साधारण 42 अंशाला वितळतं, ओवाफूल 50 च्या आसपास, कापूर तर 175 च्या पुढं. एकत्र आले की एकमेकांचा वितळणबिंदू खाली ओढतात आणि साध्या हवेतच पाणी होतं. त्यात पाणी पडलं तर ते मिसळत नाही, नुसतं गढूळ दिसतं. डिसेंबरच्या कडाक्यात बाटलीत पुन्हा खडे दिसले तर माल बिघडला समजू नका. झाकण घट्ट लावून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. प्लॅस्टिकची बाटली नको, काही प्लॅस्टिक यानं मऊ पडतं.

तुमची डबी फेकू नका. गाळ तेवढा गाळून वेगळा करा आणि वरचं पातळ फक्त बाहेरून लावायला वापरा.

पळसखेडकर
नावाबद्दल थोडं. अमृतधारा हे मुळात एका कंपनीच्या औषधाचं नाव. पंडित ठाकुरदत्त शर्मांनी 1901 मध्ये लाहोरात औषध विकायला सुरुवात केली, आधी ‘अमृत की धारा’ म्हणून, 1903 पासून ‘अमृतधारा’. पुढं कानपूरच्या ‘लक्ष्मणधारा’वरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1962 मध्ये दोन्ही नावं फसगत होण्याइतकी सारखी ठरली. आपल्याकडं ‘पेटंट औषध’ म्हणतात ते बहुतेक असंच: हक्क नावावर, कृती मात्र सगळ्यांना ठाऊक.

छातीला अमृतधारा नुसती चोळू नका, ओवाफुलानं कातडी भाजल्यासारखी होते. बाम करा. 75 ग्रॅम खोबरेल आणि 17 ग्रॅम मधमाशीचं मेण गरम पाण्याच्या गंजात (पातेल्यात) भांडं ठेवून वितळवा. उतरवा. बोटाला सोसवेल इतकं निवलं की 5 ग्रॅम कापूर, 3 ग्रॅम पुदिनाफूल ढवळून लगेच झाकण लावा. गरम असतानाच टाकलं तर निम्मा वास घरात आणि निम्मा डबीत. मेण कमी केलं तर एप्रिलमध्ये बामाचं तेल होतं. खोबरेल 24 अंशालाच वितळतं, आणि आपला उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे.

एक गैरसमजही काढून टाका. पुदिनाफुलानं नाक खरोखर उघडत नाही. गारव्याची जाणीव होते म्हणून मोकळं वाटतं, सूज तशीच राहते. झोप लागायला तेवढंही पुरतं, पण रोग गेला असं धरू नका.

पानमळा (अंजनगाव सुर्जी)
सितोपलादीचं प्रमाण 16:8:4:2:1. खडीसाखर 80 ग्रॅम, वंशलोचन 40, पिंपळी 20, वेलचीदाणे 10, दालचिनी 5. एकूण 155.

पिंपळी म्हणजे आमच्या भागातली पानपिंपरी. अंजनगाव, अकोट, तेल्हाऱ्याकडं पानमळ्यांतून पिकते. वाळलेली, मोडल्यावर आतून बुरशी नसलेली घ्या. चावल्यावर जीभ झणझणली पाहिजे. वंशलोचनात फसवणूक फार. खरं बांबूच्या पेरात मिळतं आणि महाग असतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी तवकील (कंदाचं पांढरं पीठ) घालतात. दुकानदाराला स्पष्ट विचारा.

प्रत्येक जिन्नस वेगळा कुटून वस्त्रगाळ करा, साखर शेवटी. सगळं एकदम मिक्सरला लावलं की पिंपळीचे जाड कण राहतात आणि घशात टोचतात. मोठ्या माणसाला 1 ते 3 ग्रॅम, दिवसातून दोनदा, मधातून. सासूबाईंना देऊ नका: निम्म्याहून जास्त साखरच आहे, वर मध.

जवसफूल
मनापासून धन्यवाद. मग लेकराला अमृतधारेचा एक थेंब रुमालावर चालेल का? आणि अडुळसा?

खलबत्ता (वर्धा)
नाही. दोन वर्षांखाली कापूर, पुदिनाफूल नाकाजवळसुद्धा नको, श्वास अडकू शकतो. पोटात गेलं तर त्याहून वाईट. एका ग्रॅम कापरानं लहान लेकरू दगावल्याची नोंद आहे, आणि तुमच्या बाटलीत तिसरा हिस्सा कापूरच आहे. म्हणजे चहाचा एक चमचाभर अमृतधारेत दीड ग्रॅमच्या वर. झटके येतात, तेही काही मिनिटांत. असं झालं तर उलटी करवू नका, तडक दवाखाना गाठा.

अडुळसाही लेकराला नको, आणि गरोदर बाईला तर नाहीच, गर्भाशय आकुंचन पावतं. वाफही नको, उकळत्या गंजानं भाजतं.

बाजारातलं सिरपही आणू नका. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपनं लेकरांच्या किडन्या गेल्या, कित्येकांना नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकला-सर्दीचं औषध देऊच नये, पाचखालीही सहसा नको.

दीड वर्षाला चालतं ते इतकंच: नाकात सलाईनचे थेंब, पाणी आणि दूध वरचेवर, रात्री अर्धा चमचा मध. वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटही नाही. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त आले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता न्या.

पानमळा (अंजनगाव सुर्जी)
सासूबाईंचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, फुकट होते. शुगरवाल्यांना टीबीचा धोका जास्त असतो. आणि ती अमृतधारेची बाटली फडताळावर नको, कुलपात ठेवा.