‘रवानगी’, ‘हद्दपारी’ की ‘स्थलांतर’? क्लेम्पेररच्या डायरीतले काही शब्द

प्रश्न

आमच्या वाचनगटात सध्या व्हिक्टर क्लेम्पेरर यांच्या डायऱ्या चालू आहेत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे फ्रेंच वाङ्मयाचे प्राध्यापक, जन्माने ज्यू. हिटलरच्या राजवटीत, १९३५ मध्ये नोकरी गेली. पत्नी एव्हा ज्यू नव्हती, म्हणून इतरांसारखं त्यांना लगेच नेलं नाही. लिहिलेली पानं एव्हा पिर्ना गावच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे लपवायला नेऊन देत असे. काही उतारे मी मराठीत करून गटाला वाचून दाखवते.

अडलंय एका शब्दाशी. ज्यूंना गाडीत भरून पूर्वेकडे नेत, त्याला सरकारी कागदांत ‘एव्हाकुइरुंग’ म्हणत, कुठे ‘आबवांडरुंग’. मी ‘हद्दपारी’ लिहिलं, तर गटातले एक काका म्हणाले, हे तर गुंडांना तडीपार करतात तसं वाटतं. ‘स्थलांतर’ फारच सोज्वळ होतं. सरळ ‘मृत्यूच्या छावणीत धाडलं’ असं लिहू का?

प्रतिसाद

ताई, शेवटचा पर्याय कृपा करून घेऊ नका. त्याने वाचकाला सगळं आधीच कळून जातं आणि क्लेम्पेरर जे दाखवू पाहतात तेच हरवतं. त्या वेळी ड्रेस्डेनमध्ये राहणाऱ्याला गाडी कुठे जाते, तिथे काय होतं, हे तुकड्यातुकड्याने कळत होतं. आउश्वित्झचं नाव त्यांच्या डायरीत पहिल्यांदा येतं ते मार्च १९४२ मध्ये, एक भयंकर छावणी म्हणून कानावर आलेलं.

तुमच्या काकांचं म्हणणं मला पटतं. हद्दपार किंवा तडीपार केलेल्या माणसाला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढतात, पुढे कुठे जायचं ते त्याचं त्याने बघायचं असतं. २१ जानेवारी १९४२ ला ड्रेस्डेनहून लाटव्हियातल्या रीगाला जी गाडी सुटली, तिच्यातल्या माणसांचं तसं नव्हतं. कुठे न्यायचं ते दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं. ‘रवानगी’त हे बरोबर येतं. ‘आरोपीची येरवड्याला रवानगी’ असं आपण बातमीत वाचतो. धाडणारा आहे, ठिकाण ठरलेलं आहे आणि जाणाऱ्याला कोणी विचारलेलं नाही. निवेदनात हाच शब्द वापरावा.

पण कागदाची भाषा आली की ‘रवानगी’सुद्धा जास्त खरी ठरते. एव्हाकुइरुंग म्हणजे पूर आला, बाँब पडणार असले, की माणसांना सुरक्षित जागी नेणं. आपल्याकडे यासाठी तयार सरकारी मराठी आहे: ‘हलवण्यात आले’. हा कर्मणी प्रयोग इथे अगदी नेमका बसतो, कारण कोणी हलवलं ते सांगावंच लागत नाही. आबवांडरुंगला मात्र तुम्हाला सोज्वळ वाटलेलं ‘स्थलांतर’च ठेवा. मूळ शब्दही तसाच सोज्वळ आहे. ऊसतोडीला माणसं जातात तसे हे लोक आपणहून निघून गेले, असं त्या कागदाला म्हणायचं आहे. तो खोटेपणा मराठीतही तसाच दिसला पाहिजे.

म्हणून मी तरी बोलणारा कोण ते बघून शब्द निवडीन. कागद बोलत असेल तर ‘हलवण्यात आले’, ‘स्थलांतर’. क्लेम्पेरर स्वतः सांगत असतील तर ‘रवानगी’. ज्यूंना कोंबून ठेवलेल्या त्या घरांतली माणसं आपसात बोलत असतील, तर त्यांचा शब्द ‘होलेन’, म्हणजे आणणं, घेऊन जाणं. ‘काल रात्री त्याला नेलं.’ आपल्याकडे ‘पोलिसांनी उचललं’ म्हणतात, त्यातही हीच धास्ती आहे.

एक प्रसंग बघा, म्हणजे मी एवढं का ताणतोय ते कळेल. १३ फेब्रुवारी १९४५, मंगळवार. शहरात उरलेल्या मूठभर ज्यूंना एक परिपत्रक वाटायचं होतं आणि ते वाटायच्या कामाला क्लेम्पेररनाही लावलं होतं. शुक्रवारी, १६ तारखेला हजर व्हायचं, बरोबर हातात नेता येईल एवढं सामान आणि दोन-तीन दिवसांची शिदोरी घ्यायची. कारण काय दिलं होतं? ‘आर्बाइट्सआइनझाट्स’, म्हणजे ‘कामावर नेमणूक’. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला ही नेमणूक कसली ते उमगत होतं. क्लेम्पेरर यांचं स्वतःचं नाव त्या यादीत नव्हतं, आणि ते दारोदार कागद देत फिरत होते. त्याच रात्री ड्रेस्डेनवर बाँब पडले. त्या गोंधळात एव्हाने त्यांच्या कोटावरचा पिवळा तारा (ज्यूंना ओळखीसाठी सक्तीने लावावा लागे तो) खिशातल्या चाकूने कापून काढला आणि दोघं शहरातून निसटली. इथे अनुवादात ‘मरणाचं बोलावणं’ असं लिहिलं तर प्रसंग फुकट गेला. ‘कामावर नेमणूक’ असंच लिहायला हवं, कोरडं, जणू पंचायत समितीच्या शिक्क्यासकट.

प्रतिसाद

‘झोंडरबेहांडलुंग’ या शब्दाचंही बघा. शब्दशः ‘विशेष वागणूक’. आपल्याकडे विशेष वागणूक मिळते ती मंत्र्यांना, पाहुण्यांना. जर्मन कागदांत त्याचा अर्थ ठार मारणं. १९४३ मध्ये हिमलरच्या, म्हणजे हिटलरच्या ‘एसएस’ दलाच्या प्रमुखाच्या, हाताखालच्या संख्याशास्त्रज्ञाने ज्यूंच्या आकड्यांचा अहवाल केला, तेव्हा त्यातला हा शब्दसुद्धा काढून टाकायला हिमलरने सांगितलं. आधी झाकायला आणलेला शब्द इतका ओळखीचा झाला की तोही झाकावा लागला! मी ‘विशेष वागणूक’च ठेवीन, अवतरणचिन्हात, तळटीप न देता. दोन-तीनदा आला की वाचक आपोआप दचकतो.

आणखी एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो: ‘फानाटिश’. पूर्वी जर्मनमध्ये हा निंदेचा शब्द होता. हिटलरच्या राजवटीत तो स्तुतीचा झाला. निष्ठा ‘फानाटिश’, लढणं ‘फानाटिश’. याला ‘धर्मांध’ किंवा ‘माथेफिरू’ लिहिलं की स्तुती नाहीशी होते. मराठीत ‘कट्टर’ आहे ना! कट्टर शत्रू, कट्टर कार्यकर्ता, कट्टर चाहता. फ्लेक्सवर ‘कट्टर समर्थक’ असं अभिमानाने लिहिलेलं आपण चौकाचौकात बघतो. निंदा आणि स्तुती दोन्ही एकाच शब्दात. क्लेम्पेररनी लिहिलंय की शब्द आर्सेनिकच्या अगदी लहान मात्रेसारखे असू शकतात, नकळत गिळले जातात आणि काही काळाने विष भिनलेलं दिसतं. ‘कट्टर’ वापरला तर मराठी वाचकाला हे स्वतःच्या तोंडातल्या शब्दावरून कळेल.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘हलवण्यात आले’ आणि ‘उचललं’ हे दोन्ही कालच्या उताऱ्यात घालून वाचून पाहिले, एकाच पानावर दोन्ही आले की फरक अंगावर येतो. ‘कट्टर’ही नक्की घेते.

आता एकच राहिलं, ‘युडेनहाउस’. क्लेम्पेररना १९४० मध्ये स्वतःचं घर सोडून अशा घरात राहायला जावं लागलं. खोल्या वाटून घेतलेल्या, स्वयंपाकघर सामाईक, केव्हाही झडती. ‘ज्यूंची चाळ’ कसं वाटतं?

प्रतिसाद

‘चाळ’ नको. गर्दी आणि सामाईक नळ जुळतात, पण चाळ म्हटलं की आपल्याला गणपती आणि शेजारधर्म आठवतो, आणि तिथे माणूस भाडं भरून आपल्या मर्जीने राहतो. ‘वाडा’ तर मुळीच नको. सरकारने दिलेलं नाव आहे, ते ‘ज्यू-घर’ असंच कोरडं ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘ज्यूंना सक्तीने एकत्र ठेवलेलं घर’ एवढं वाक्यातच गुंफून टाका.