बारावीनंतर थांबलेले एक वर्ष: अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांचे अनुभव

बारावीच्या निकालानंतर लगेच महाविद्यालयात न जाता एक वर्ष थांबलेल्या अंध आणि अल्पदृष्टी मित्रमैत्रिणींनी त्या वर्षात नेमके काय केले आणि त्याचा पुढे कुठे उपयोग झाला, हे येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. आरंभ माझ्यापासून करते.

ठाणे, पूर्ण अंध, कला शाखा
दहावीपर्यंत मी निवासी अंधशाळेत शिकले. तिथे ब्रेल, गणित, गायन सर्व मिळाले. मात्र फाटकाबाहेर एकटीने पाऊल टाकण्याचा प्रसंग कधी आला नाही, आणि पुढची दोन वर्षे आईनेच हात धरून कनिष्ठ महाविद्यालयात नेले-आणले. म्हणून मी थांबले ती चालायला शिकण्यासाठी. पहिले चार महिने पांढरी काठी घेऊन मोबिलिटीचे, म्हणजे एकट्याने सुरक्षित वावरण्याचे, प्रशिक्षण घेतले. पावले मोजू नका, खुणा ओळखा, असे आमच्या बाई सांगत. त्यामुळे पिठाच्या गिरणीची घरघर, वळणावरचा उतार आणि बंद शटरवरून परतणारा काठीचा आवाज यांतून माझा रस्ता मनात पक्का होत गेला. त्यानंतर लोकल. मुंबईच्या उपनगरी स्थानकांत दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर बीप वाजत असते, पण गर्दीच्या वेळी उद्घोषणांच्या गोंगाटातून ते वेगळे ओळखायला कान तयार व्हावे लागतात. दादरला मी पहिल्यांदा एकटी उतरले, त्या दिवशी आई शेजारच्या डब्यातून आली होती, हे मला दोन वर्षांनी कळले.

नागपूर, अल्पदृष्टी, वाणिज्य शाखा
मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आजार आहे. यात बहुधा आधी अंधारात दिसेनासे होते आणि मग दृष्टी कडांकडून आकसत जाते. बारावीत छापील अक्षर वाचणे अशक्य झाले, तेव्हा लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा मुलगा, घेतला. तासामागे २० मिनिटे जादा मिळाली, तरी ताळेबंदाचे रकाने ज्याने कधी लेखाकर्म शिकलेले नाही अशा मुलाला तोंडी सांगताना माझी मांडणीच विस्कटली. तेव्हाच ठरवले की पुढचे पेपर स्वतः टंकलिखित करायचे. दिव्यांगांच्या परीक्षांसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत संगणकावर उत्तरे लिहिण्याची सोय होती. वर्षभर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी संगणक प्रणाली) लावून माउसशिवाय एक्सेल शिकलो. पहिले कित्येक आठवडे त्या यांत्रिक मराठी आवाजाने डोके दुखे. सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातून पुस्तके उतरवून घ्यायलाही याच काळात शिकलो, कारण स्कॅन केलेल्या मराठी पानांत जोडाक्षरांचा चुराडा होतो आणि ती ऐकून अभ्यास होत नाही.

सातारा, एका अंध विद्यार्थिनीचे वडील
आधीच दिसत नाही, त्यात वर्ष कशाला घालवता, असे नातेवाईक म्हणत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या कमाल वयात ५ वर्षांची सवलत आहे, हे वाचल्यावर माझी वयाची काळजी मिटली. अडचण आली ती दुसरीच: प्रवेशाच्या वेळी खंडाचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र मागितले आणि ऐनवेळी धावपळ झाली. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र) आणि हे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

नांदेड, पूर्ण अंध
माझे वर्ष वाया गेले, आणि तेही येथे नोंदले जायला हवे. जूनमध्ये संगणक शिकायचे ठरवले; पण जवळच्या प्रशिक्षण वर्गाने, तुम्हाला पडद्यावरचे कसे दिसणार, असे विचारून परत पाठवले. स्क्रीन रीडर मोफत मिळतो हे कळायला फेब्रुवारी उजाडला. तोवर मी घरात बसून होतो आणि बाहेर एकट्याने जाण्याची होती तेवढी सवयही मोडली. प्रशिक्षणाची जागा हातात असल्याखेरीज कोणीही थांबू नये, असे मला कळकळीने वाटते.

कोल्हापूर, अल्पदृष्टी
मी थांबलो नाही. सर्व तयारी झाल्यावरच महाविद्यालयात यावे, अशी अट डोळस विद्यार्थ्यांना कोणी घालत नाही, मग आपण ती स्वतःला का घालावी, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पहिले सत्र अवघड गेले, हे मान्य करतो. वसतिगृहातल्या मित्रांनी रात्री जेवणानंतर पुस्तके वाचून दाखवली, आणि मोबिलिटी मी दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत शिकलो. दोन्ही मिळून नऊ आठवडे लागले.