चर्चा: कोंबड्यांच्या जिवाणूजन्य रोगांवर नव्या लसी हव्यात की शेड साफ हवी?

परळकर:
बदलापूरकडच्या एका लेयर (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या) शेडवर मेलेली कोंबडी फाडून पाहिली. यकृत सुजलेलं, हिरवट काळं, ब्राँझसारखी चमक. फाउल टायफॉइड, साल्मोनेला जिवाणूचा रोग. मालकाने तिसऱ्या दिवसापासून पाण्यात अँटिबायोटिक सोडलं होतं, तरी मर चालूच. राणीखेत, गंबोरो या विषाणूच्या रोगांच्या लसी आपण न चुकता देतो, पण जिवाणू म्हटला की हात थेट औषधाच्या बाटलीकडे जातो. ती बाटली किती दिवस पुरणार? कोलिस्टीन या अँटिबायोटिकवर कोंबड्यांसाठी 2019 मध्ये बंदी आलीच. टायफॉइडची 9आर लस 1950 च्या दशकातली. मर कमी करते, संसर्ग पुरता थांबवत नाही. गंमत म्हणजे पाश्चरने प्रयोगशाळेत सौम्य केलेल्या जंतूची पहिली लस कोंबड्यांच्याच कॉलऱ्यावर, 1879-80 च्या सुमारास केली. नव्या लसींवर पैसा लावायलाच हवा, असं माझं मत.

कर्जतकर_शेडवाला:
डॉक्टरसाहेब, लेयरचं ठीक आहे. माझा ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीचा पक्षी, चाळिसाव्या दिवशी टेम्पोत चढतो. लस द्या, अंगात ताकद येईपर्यंत थांबा, तोवर पक्षी विकला गेलेला असतो. आणि ई. कोलाय जिवाणूचा रोग कशाने होतो? ओला भुसा, अमोनिया, धूळ. पडदे वेळेवर वर करा, निम्मं काम तिथेच होतं. लसीच्या नादात लोक झाडू विसरतील.

गिरगावची_ताई:
आम्ही खाणारे. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकाअखेरीस अंड्यावरच्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस सुरू झाली आणि अंड्यांतून होणारे आजार झपाट्याने उतरले. 2017 मध्ये तर तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने शिक्क्याची अंडी अर्धी कच्ची खायला गरोदर बायकांनाही मोकळीक दिली. इथे मी आमलेट दोन्हीकडून करपवते. झाडूने हे झालं असतं का?

कर्जतकर_शेडवाला:
ताई, त्या शिक्क्यामागे उंदीर मारणं, शेड धुणं, तपासणी, सगळं होतं. श्रेय एकट्या लसीला देऊ नका.

सूक्ष्मदर्शी:
दोघांचंही अर्धंच बरोबर. नेक्रोटिक एंटेरायटिस घ्या, आतडं सडवणारा रोग. तो करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचं नेटबी हे विष 2008 मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलं, तेव्हापासून त्याच्यावर नेम धरून लसीचे प्रयत्न चालू आहेत. पण आतडं आधी कॉक्सिडिया या परजीवीने सोललेलं असतं, त्यात पिल्लाचं वय इतकं कोवळं. हजारो पिल्लांना एकेक करून टोचायला माणसं कुठून आणणार? खाद्यातून किंवा अंड्यातच देता येईल अशी लस निघाली, तरच ब्रॉयलरवाला विचारेल. कोरायझाचं, म्हणजे कोंबड्यांच्या सर्दीचं, आणखी वेगळं. त्यात ए, बी, सी असे प्रकार, एकाची लस दुसऱ्याला धड चालत नाही. नाक गळतंय, तोंड सुजलंय, लस दिली होती, मग मालक लसवाल्याला शिव्या घालतो. परदेशी बाटलीपेक्षा आपल्याच शेडमधल्या जंतूची लस बनवणं जास्त कामाचं.

परळकर:
ब्रॉयलरबाबत कर्जतकरांचं मानतो. पण लेयर बहात्तर आठवडे आणि पुढेही जगतो, त्याच्या अंगात ताकद यायला वेळच वेळ आहे. तिथे आम्ही हात आखडता का घ्यायचा? झाडू हवाच, पण वाऱ्याबरोबर, उंदराबरोबर, पिंजऱ्याच्या चाकाबरोबर येणारा जंतू झाडूला ऐकत नाही.

कर्जतकर_शेडवाला:
लेयरसुद्धा करून पाहिलेत हो. दोन वर्षांपूर्वी पाण्यातून जिवंत लस दिली. काही उपयोग झाला नाही, मर तेवढीच. तेव्हापासून विश्वास उडाला.

परळकर:
पाणी कुठलं?

कर्जतकर_शेडवाला:
टाकीचं. पोराने सकाळीच ब्लीचिंग टाकलं होतं. आणि आदल्या दिवसापर्यंत औषधाचा कोर्स चालू होता.

सूक्ष्मदर्शी:
अहो! क्लोरीनने लसीतला जिवाणू मारला, उरलेला अँटिबायोटिकने. क्लोरीन मारायला लिटरला दोन-अडीच ग्रॅम दूध पावडर तरी घालायची होती.

कर्जतकर_शेडवाला:
पावडर होती घरात. तिचा चहा झाला.