वर्गणीचे सात सारखे वाटे: यानं कुणाचं भलं होतं?

कोथरूडकर:
आमच्या बॅचचा मदतनिधी आहे. वर्षाला साडेतीन लाख जमतात, सात संस्थांना ५०-५० हजार जातात. यंदा मी म्हटलं, दोनच संस्था धरू आणि तीन वर्षं सलग देऊ, तर बैठकीत खडाजंगी. पण हे वाटे गरज बघून पडलेलेच नाहीत, प्रत्येकाची आवडती संस्था राहावी म्हणून पडलेत. ५० हजारांत एका कार्यकर्तीचं चार महिन्यांचं मानधन निघतं. पाचव्या महिन्यात तिनं काय करायचं? गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, ते वर्षानुवर्षं नेटानं केलं, म्हणून बालमृत्यू घटले.

कर्वेनगरची:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याच 'सर्च'नं दारूचा प्रश्नही हाती घेतला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. आणि अण्णा कर्वे? १८९६ ला अनाथ बालिकाश्रम, १९०७ ला महिला विद्यालय, १९१६ ला विद्यापीठ. पहिल्याच कामाला चिकटून बसले असते तर?

कोथरूडकर:
मधलं १९०८ गाळलंत. त्या वर्षी त्यांनी निष्काम कर्ममठ काढला, संस्थांना आयुष्य वाहिलेली माणसं मिळावीत म्हणून. आपण सात ठिकाणी चेक देतो, माणूस एकाही ठिकाणी देत नाही.

एरंडवणे:
माणसांचा विषय निघाला म्हणून लिहिते. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीसाठी आम्ही कपडे गोळा केले. जरीच्या साड्या, एकाच पायाचे बूट, उशांचे कळकट अभ्रे. साठ जण तीन दिवस नुसते निवडत होतो. त्या शनिवारी वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेत कुणीच गेलं नाही, मीही नाही. मुलं पायरीवर बसून परत गेली. ते मला अजून सलतं. पण त्या साठांना अभ्यासिकेत बोलावलं असतं तर दहाही आले नसते. पैसा इकडचा तिकडे वळवता येतो, माणूस मात्र जिथे जीव लागतो तिथेच राबतो. पैसे दोनच ठिकाणी द्या, पण बाकीच्या पाच संस्थांत जाणाऱ्यांना तोडू नका.

कर्वेनगरची:
आणि त्या दोन निवडणार कोण? जिचा अहवाल देखणा, तीच निवडली जाईल. कचरावेचक बायकांची संघटना पुण्यात १९९३ ला उभी राहिली, तेव्हा पहिल्या दिवशी तिच्याकडे दाखवायला कुठले आकडे असणार होते?

कोथरूडकर:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग असं करू: अडीच लाख दोन संस्थांना, तीन वर्षं. एक लाख नव्या, अहवाल नसलेल्या कामाला, पण आपल्यातलं कुणी महिन्यातून दोनदा तिथे जाणार असेल तरच. रविवारी मांडतो.

कर्वेनगरची:
एक लाख फार कमी. निम्मे ठेवा, दोनदा मी जाईन.