'सूद्यूर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर, माली, बुर्किना फासो इथल्या अन्नसुरक्षेवर लिहिते आहे. तिथल्या फ्रेंच मजकुरात 'सूद्यूर' हा शब्द सतत भेटतो. घरातलं धान्य संपलंय आणि नवी बाजरी-ज्वारी अजून शेतातच आहे, असा साधारण जून ते ऑगस्टचा काळ. 'दुष्काळ' लिहू का?

प्रतिसाद : नको. सूद्यूर दरवर्षी येतो, पाऊस चांगला झाला तरी. शब्दाचा मूळ अर्थ सांधा, डाख. जुन्या पिकाला नव्याशी जोडणारे महिने. मी 'सुगीपूर्व टंचाई' लिहीन.

प्रतिसाद : 'टंचाई' मला खटकतो. २००४ मध्ये नायजरला अवर्षण आणि टोळधाड दोन्ही सोसावे लागले हे खरं, पण २००५ मध्ये लोक उपाशी राहिले तेव्हा बाजारात धान्य होतं. बाजरीचे भाव परवडत नव्हते. गरीब शेतकरी देणी भागवायला सुगीत स्वस्तात विकतो आणि याच महिन्यांत तेच धान्य महागात विकत घेतो. 'टंचाई' लिहिलं की वाचकाला वाटतं, गोदामं भरली की प्रश्न मिटला. शिवाय पशुपालकांचे वाईट दिवस पावसाआधी, चारा-पाणी आटल्यावर येतात. त्यांना 'सुगीपूर्व' लागू पडत नाही. 'ओढग्रस्तीचे महिने' कसं वाटतं? त्यात पैशाची ओढही येते.

प्रतिसाद : ओढग्रस्ती छान. आपल्या आदिवासी भागातली 'खावटी' याच्या अगदी जवळची, पण तो शब्द मदतीचा आहे, काळाचा नाही. नायजरमध्ये सुगीचं धान्य न विकता गोदामात ठेवून त्यावर कर्ज घेतात, त्याला 'वारांताज' म्हणतात. त्यासाठी मात्र 'शेतमाल तारण' हा तयार शब्द बाजार समित्यांत रुळलेला आहे, तोच वापरा.

प्रतिसाद : 'दुष्काळ' राखून ठेवा, ही कळकळीची विनंती. साहेल (सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा) देशांनी १९७३ मध्ये स्थापलेल्या 'सिल्स' या समितीच्या पुढाकाराने होणाऱ्या 'काद्र आर्मोनीझे' या अन्नस्थितीच्या पाहणीत पाच टप्पे असतात. तिसरा 'संकट', चौथा 'आणीबाणी', आणि पाचवा तो अन्नदुष्काळ, जिथे उपासमारीने माणसं मरू लागलेली असतात. आपल्या मथळ्यांत तिसऱ्यालाच दुष्काळ म्हणतात. मदत तिसऱ्या टप्प्यावर पोचायला हवी, म्हणून त्याला त्याचंच नाव द्या.