निफाडची थंडी आणि पत्र्याचे घर: वृद्ध आई-वडिलांच्या रात्रीच्या उबेची सोय कशी करावी?

कादवाकाठ (प्रश्न)

माझे आई-वडील निफाड तालुक्यात मळ्यातल्या घरात राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. घराच्या भिंती विटांच्या, गिलावा केलेल्या आहेत. खिडक्या सरकत्या काचेच्या आहेत. छत मात्र पत्र्याचे आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी येते, त्या दिवसांत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकते आणि अंथरूण दमट होते. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे, आईला बरीच वर्षे मधुमेह आहे. यंदा वडिलांनी पन्हाळीच्या पत्र्यातल्या फटी गोणपाटाने बुजवल्या आहेत आणि रात्री ते कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपतात. धूर निघून गेल्यावर, कोळसा लाल झाल्यावरच शेगडी आत आणतो, त्यामुळे धोका नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, परंतु शेगडी बंद करा असे सांगताना तिच्या जागी काय सुचवावे हे कळत नाही. खोलीत हीटर लावावा का, आणि पत्र्याचे काय करावे?

वस्तीवरचा

शेगडीला एवढे घाबरण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून थंडीत घरात शेगडी असते आणि आजवर कोणाला काही झालेले नाही. पत्र्याविषयी मात्र अनुभवाने सांगतो. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार पडतो. मग माणसांच्या श्वासातली व स्वयंपाकाची वाफ त्याला खालून धरते आणि तेच पाणी ठिबकते. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे किंवा जाड ताडपत्री ताणून बांधली, तर मधल्या हवेच्या थरामुळे खोलीत पुष्कळ फरक पडतो. थर्माकोल स्वस्त मिळतो, पण तो भडकन पेटतो. विजेच्या तारा जवळून जात असतील तर तो मुळीच लावू नये. अंथरुणाखालचा भागही लोक विसरतात. नवारीच्या खाटेवर माणूस वरून तीन गोधड्या घेतो आणि गारठा खालून लागतो. आधी खाटेवर घोंगडी, तिच्यावर गादी, आणि मग पांघरूण, असा क्रम ठेवावा. लोकर दमट झाली तरी ऊब धरून ठेवते, सुती गोधडी तशी धरत नाही. म्हणून गोधड्या रोज दुपारी उन्हात टाकाव्यात आणि ऊन उतरण्याआधी आत घ्याव्यात.

दवाखाना

पत्र्याविषयी व अंथरुणाविषयी वर दिलेला सल्ला उत्तम आहे, पण शेगडीबाबतच्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे. आजोबांच्या घरावर कौले होती, दारांना बोटभर फटी होत्या आणि चुलीचा धूर जायला धुराडे होते. ते घर स्वतःच श्वास घेत होते. गिलावा केलेल्या भिंती, सरकत्या काचा आणि गोणपाटाने बुजवलेल्या फटी यांच्या आत तीच शेगडी ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. धूर थांबणे म्हणजे विषारी वायू थांबणे नव्हे. लाल कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे असतात, आणि झोपलेल्या माणसाला ती जाणवतच नाहीत. शेजारी पाण्याचे भांडे ठेवल्याने हा वायू कमी होत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे, पण त्यावरही या बाबतीत विसंबू नये, कारण वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते आणि आकडा अठ्ठ्याण्णव दिसत राहतो. असे कोणी आढळले तर दारे-खिडक्या उघडून त्याला बाहेर न्यावे व लगेच 108 क्रमांकावर फोन करावा. शेकायचे असेल तर अंगणात शेकावे आणि झोपायला निखाऱ्याशिवाय आत यावे. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर हाच नियम तिथेही लागू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये घरातील तापमान किमान 18 अंश असावे, असे सुचवले आहे. आपल्या पत्र्याच्या घरांत सगळी खोली तेवढी तापवणे व्यवहार्य नाही. म्हणून खोलीपेक्षा अंथरूण आणि माणूस उबदार ठेवण्याकडे लक्ष द्यावे. कानटोपी, लोकरी मोजे आणि एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ थर यांचा उपयोग अधिक होतो. आपल्या मातोश्रींच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झालेली असू शकते, म्हणून गरम पाण्याची पिशवी झोपण्याआधी अंथरुणात ठेवून ते ऊबवावे आणि त्या आडव्या होताच ती काढून घ्यावी. पायाशी राहू दिल्यास त्यांना न कळता भाजण्याची भीती असते. वडिलांनी पहाटेची आंघोळ ऊन वर येईपर्यंत पुढे ढकलावी, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. म्हाताऱ्या माणसाला हुडहुडी कमी भरते, म्हणून तो कुडकुडत नाही याचा अर्थ त्याला थंडी वाजत नाही असा घेऊ नये. बोलणे अडखळू लागले, माणूस गोंधळला, पोटाची त्वचाही गार लागली, तर शरीराचे तापमान 95 फॅरनहाइटखाली गेले असण्याची शक्यता धरून दवाखाना गाठावा.

जुना वायरमन

हीटरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिट वीज खातो आणि जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. तो सोळा अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा. मोबाईल चार्ज करण्याच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावल्यास बोर्ड वितळतो, आणि हे मी कित्येक घरांत पाहिले आहे. लाल तारेच्या उघड्या हीटरपेक्षा तेल भरलेला रेडिएटर घ्यावा, कारण त्यावर पांघरूण पडले तरी आग लागण्याचा धोका पुष्कळ कमी असतो. कपडे मात्र त्यावरही वाळत घालू नयेत. वस्तीवर रात्री वीज जाते, त्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर नको. झोपण्यापूर्वी तासभर लावून बंद केला तरी पुरतो.

कादवाकाठ

सर्वांचा आभारी आहे. वडिलांना फोनवर ऑक्सिमीटरची गोष्ट सांगितली, तेव्हा ते पहिल्यांदाच गप्प राहून ऐकत होते. शेगडी घराबाहेरच्या ओट्यावर ठेवायचे त्यांनी मान्य केले आहे. शनिवारी तट्टे घेऊन गावी जात आहे. एक शंका उरली आहे: द्राक्षबागेत मणी तडकू नयेत म्हणून ते पहाटे पाणी सोडायला आणि शेकोट्या पेटवायला जातात, ते थांबवणे माझ्या हातात नाही. त्या वेळी रक्तदाबाच्या दृष्टीने काय काळजी घ्यावी?

दवाखाना

अंथरुणातून उठून थेट बाहेर पडू नये; पाच-दहा मिनिटे बसून, कोमट पाणी पिऊन, डोके-कान-छाती झाकून मग जावे. रक्तदाबाची गोळी चुकवू नये आणि तिची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असले तरी ओल्या पायांनी वाऱ्यात उभे राहिल्यास शरीर झपाट्याने गार होते, म्हणून गमबूट घालावेत. छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ जाणवल्यास काम तिथेच सोडावे आणि तत्काळ दवाखान्यात जावे. शक्य असेल तर गड्याला सोबत न्यावे, एकट्याने जाऊ नये.